नर्सिंगची पदवी : दार नेमकं कुठं बंद होतं?

मागच्या जूनमधली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या केंद्रावर एक मुलगी बारावीचं गुणपत्रक घेऊन आली. कला शाखा, 68 टक्के. तिला बी. एस्सी. नर्सिंगला जायचं होतं. आई एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळीची 'मावशी', म्हणजे बेडपॅन देणारी, चादरी बदलणारी. वडिलांना टीबी झाला तेव्हा सहा महिने गोळ्यांचा हिशेब या मुलीनं ठेवला, एकही दिवस चुकू दिला नाही. एका कॉलेजच्या खिडकीवर ती चौकशीला गेली होती. "आर्ट्स ना? मग इथं कशाला आलीस?" एवढं उत्तर घेऊन परत आली.

खिडकीवरच्या माणसाची भाषा उद्धट होती, पण माहिती खरी होती. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पदवीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. त्यात मिळून किमान 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40. वयाची 17 वर्षं पूर्ण. आता आपल्या राज्यात वर प्रवेशपरीक्षाही आहे. मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, "ताई, हे दहावीत असताना कुणी का नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एम. एस. डब्ल्यू. होऊन मला बारा वर्षं झाली. या वर्षांत मी बालविवाह थांबवायला पळाले, रेशनकार्डांसाठी खेटे घातले. पण दहावीच्या निकालानंतर अकरावीचा फॉर्म भरताना किती मुलींच्या शेजारी बसले? बोटावर मोजण्याइतक्या.

कारण दार बंद होतं ते तिथं. तिला दहावीला 71 टक्के होते, विज्ञान सहज मिळालं असतं. पण विज्ञानाचं कॉलेज दोन बस बदलून, प्रॅक्टिकल संध्याकाळी पाचपर्यंत. आई रात्रीची पाळी करून सकाळी येऊन झोपणार. मग नळाचं पाणी कोण भरणार, धाकट्याला शाळेतून कोण आणणार? शिवाय विज्ञान म्हटलं की क्लास आला, क्लास म्हटलं की हजारोंची फी आली. कला शाखा दुपारी बारापर्यंत सुटते. घरात यावर चर्चासुद्धा झाली नाही. कुणी तिला "शिकू नकोस" म्हणालं नाही, उलट आईला तिच्या शिक्षणाचं कौतुकच. तरी पाण्याच्या हंड्यानं तिची शाखा ठरवली.

2024 मध्ये सरकारनं केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय चांगला आहे, आपण सगळ्यांनी मागणी केली होतीच. पण ही सवलत मिळते बारावीनंतर. त्या दारापर्यंत पोचायला अकरावीत जो खर्च आणि जो वेळ लागतो, त्याचा विचार कुणी केलेला नाही.

चळवळीतल्या एक-दोघी मैत्रिणी म्हणतात, "मुलींना पुन्हा नर्सिंगच का? सेवेचं काम बायकांच्याच गळ्यात का मारायचं?" प्रश्न रास्त आहे. पण त्या मुलीची आई आजही रुग्णालयातच सेवा करते आहे, नोंद नाही, पदवी नाही, पगार तुटपुंजा. आई मावशी आणि लेक सिस्टर ट्यूटर, यांच्यातलं अंतर सेवेचं नाही, दर्जाचं आहे. विज्ञानाची अट काढून टाका असं मी म्हणत नाही. औषधाची मात्रा आणि सलाइनचा वेग चुकला तर माणूस जातो. अट राहू दे. तिथपर्यंतचा जिना कोण बांधणार, एवढंच विचारते आहे.

आपल्याच गावात तो एकदा बांधला गेला होता. 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांनी आणि गो. कृ. देवधरांनी सेवासदन सुरू केलं. परिचारिका होणं म्हणजे घराण्याला कमीपणा, असं मानणारा तो काळ. सेवासदननं प्रौढ बायकांसाठी वर्ग काढले, राहायची सोय केली आणि त्यातल्या काहीजणींना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या प्रशिक्षणाला धाडलं. त्यांत विधवा होत्या, उशिरा अक्षरं गिरवलेल्या होत्या. 'आधी पात्र व्हा, मग या' असं त्यांना कुणी सांगितलं नाही. पात्र करणं हेच संस्थेचं काम होतं.

आणि आज त्याच शहरात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या नर्सिंग कॉलेजची अट वाचा. लष्कराच्या सहा नर्सिंग कॉलेजांत मिळून 220 जागा, त्यांतल्या 40 पुण्यात. शिक्षण सरकारी खर्चानं, पुढं लष्करात अधिकारीपद. म्हणजे वस्तीतल्या मुलीला याहून मोठी संधी नाही. अलीकडच्या वर्षांतल्या जाहिरातींप्रमाणे बारावी विज्ञान 50 टक्क्यांनी, नियमित विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात. वर नीट. आणि उमेदवार अविवाहित, घटस्फोटित, कायद्यानं विभक्त किंवा विधवा, तीही मागं 'बोजा' नसलेली. जाहिरातीतल्या इंग्रजी शब्दाला मला दुसरा मराठी शब्द सुचत नाही. जमिनीच्या सातबाऱ्यावर कर्जाचा चढतो तो बोजा. पदरात मूल असलेल्या बाईनं याचा काय अर्थ घ्यायचा?

लष्करी परिचर्या सेवेत लग्न केलं म्हणून नोकरी जाण्याचा नियमही होता. 1977 चा तो आदेश 1995 मध्ये मागं घेतला गेला. 1988 मध्ये त्याखाली काढून टाकलेल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना 60 लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला तो फेब्रुवारी 2024 मध्ये. छत्तीस वर्षं. नोकरीतली अट गेली, प्रवेशाच्या अटीत लग्नाचा प्रश्न अजून बसलेला आहे. 'पहिल्याच प्रयत्नात' ही अटही वरवर सगळ्यांना सारखीच. पण परीक्षेच्या आठवड्यात आई आजारी पडली तर घरी कोण राहतं, मुलगा की मुलगी, हे आपल्याला माहीत आहे.

कला शाखेतल्या मुलींना वाट अगदीच नाही असं नाही. बारावी कुठल्याही शाखेची असली तरी 40 टक्के आणि इंग्रजी असेल तर जीएनएम पदविकेला जाता येतं. तीन वर्षं, मग नोंदणी, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी. एस्सी. चार वर्षांच्या पदवीला पाच लागतात, पण पोचता येतं. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. विज्ञानाचे विषय आणि इंग्रजी घेऊन तिथून झालेली बारावी कौन्सिल मान्य करते. नियमित विद्यार्थिनीची अट असल्यामुळे लष्कराचं दार मात्र त्यानं उघडत नाही. आपल्या गटांच्या किती कार्यकर्त्यांना हे ठाऊक आहे? मलाही मागच्या जूनपर्यंत नीट ठाऊक नव्हतं.

यंदा दहावीच्या निकालानंतर आम्ही वस्तीत आठ दिवस टेबल टाकून बसणार आहोत. मुलींबरोबर आयांनाही बोलावणार आहोत, आणि पाण्याचं काय करायचं हेही तिथंच बोलणार आहोत. इतर गटांनी आपापल्या वस्तीत हे करावं.

त्या मुलीनं दुसरी वाट धरली आहे. रसायन आणि जीवशास्त्र आमच्यातल्या दोघी शिकवतात. भौतिकशास्त्र शिकवायला कुणी नाही. संध्याकाळी सात ते नऊ, आठवड्यातून दोन दिवस, कुणी मैत्रीण येऊ शकेल का?