वादळात समुद्र कार्बन गिळतो की ओकतो?

१७ मे २०२१ च्या रात्री ‘तौक्ते’ चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास होता. समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत असलेल्या धुळ्याच्या देवपुरात वादळाचा हिशेब पाऊस आणि उडालेले पत्रे यावरच संपतो. वाऱ्याचं दुसरं काम मात्र डोळ्यांना दिसत नाही.

माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्सा समुद्र शोषतात. ही देवाणघेवाण पाण्याच्या वरच्या अगदी पातळ थरातून होते. वारा हा थर ढवळतो, लाटा फुटतात, बुडबुडे हवा खाली नेतात. ढोबळ गणित असं की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर देवाणघेवाण चौपट. पण ताशी १२० किलोमीटरपुढे हे गणितही तोकडं पडतं. क्योटो आणि मायामीतल्या टाक्यांमध्ये कृत्रिम वारा सोडून केलेल्या प्रयोगांत त्यापुढे देवाणघेवाण एकदम उसळलेली दिसली. टाक्यांमध्येच, कारण खऱ्या वादळात जहाज घालणार कोण?

अर्थात वारा फक्त दार उघडतो. वायू आत जाणार की बाहेर, हे तो पाण्यात जास्त आहे की हवेत, यावर ठरतं. अरबी समुद्राची मेख इथेच आहे. पावसाळी वाऱ्यांमुळे सोमालिया-ओमानजवळ खोलातलं, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं. त्यामुळे वर्षाच्या हिशेबात हा समुद्र वायू घेण्याऐवजी हवेत सोडतो. चक्रीवादळही खालचं पाणी असंच वर खेचतं. आणि अरबी समुद्रातली चक्रीवादळं गेल्या काही दशकांत वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएमच्या संशोधकांनी २०२१ मध्येच दाखवलं आहे.