जुना मोबाईल : आधी कुणाचा, मग कसा, मग केवढ्याला



दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एक मागणी सुरू होते. ती म्हणजे मोबाईलची. मागणी गैर नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा तर ओटीपी मोबाईलवर येतो. कॉलेजच्या सूचना व्हॉट्सअॅपवर येतात. वडिलांची मजुरी आणि आईच्या धुण्याभांड्याचे पैसे अनेक घरी आता मोबाईलवरूनच जमा होतात. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरली, तेव्हा एकच फोन असलेल्या घरातील मुलांचे काय हाल झाले हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

परंतु नव्या फोनची किंमत ऐकली की महिन्याचा पगार डोळ्यांपुढे येतो. साहजिकच पावले जुन्या फोनकडे वळतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. जुनी सायकल, जुनी शिलाई मशीन घेऊन संसार उभे करणारी आपण माणसे आहोत. प्रश्न आहे तो पारखून घेण्याचा.

आपण पारखतो कसे? आधी काच चकाकते का ते पाहतो, मग कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते विचारतो, मग भावात घासाघीस करतो आणि पैसे दिल्यावर जाता जाता बिल मागतो. हा क्रम नेमका उलटा आहे. पहिला प्रश्न, फोन कुणाचा? दुसरा, फोन कसा? तिसरा, केवढ्याला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले नाही तर पुढचे दोन विचारूच नयेत.

फोन कुणाचा?

प्रत्येक मोबाईलला पंधरा आकडी आयएमईआय नंबर असतो. गाडीला जसा चासी नंबर, तसाच हा. फोनवर *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. ते कागदावर उतरून घ्यावेत आणि खोक्यावरील व बिलावरील नंबरांशी एकेक आकडा ताडून पाहावेत.

त्यानंतर आपल्या मोबाईलवरून एक एसएमएस करावा. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत, मग एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, आणि पाठवावयाचे १४४२२ या क्रमांकावर. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची ही सोय आहे. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरही हीच माहिती मिळते. उत्तरात फोनची कंपनी व मॉडेल येते. हातातला फोन एका कंपनीचा आणि उत्तर दुसऱ्याच कंपनीचे, असे झाले तर नंबर बदललेला आहे असे समजावे. ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ असा शेरा आला तर तो फोन घेऊ नका, असे खुद्द दूरसंचार विभागच सांगतो.

मात्र एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. फोन कालच चोरीला गेला असेल आणि मूळ मालकाने तक्रार नोंदविली नसेल, तर नंबर स्वच्छच दिसणार. म्हणून बिल हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे, चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असूनही जो तो घेतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पंधरा हजारांचा फोन कोणी नाक्यावर तीन हजारांना, बिलाशिवाय आणि खोक्याशिवाय देत असेल, तर संशयाला कारण नव्हते असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? शिक्षा नाही झाली तरी फोन मुद्देमाल म्हणून जमा होतो, पैसे बुडतात आणि ठाण्याच्या खेपांत रोजंदारी बुडते ती वेगळीच.

दुसरे कुलूप हप्त्याचे. कर्जावर घेतलेल्या काही फोनमध्ये हप्ते थकल्यास फोन दुरूनच बंद करण्याची सोय बसविलेली असते. आमच्या वस्तीतील एका भगिनीने मुलीसाठी घेतलेला फोन तीन आठवडे उत्तम चालला आणि एके सकाळी पडद्यावर हप्ता थकल्याची सूचना येऊन बंद पडला. विकणाऱ्याचा नंबरही बंद. म्हणून फोन हप्त्यावर घेतला होता का हे स्पष्ट विचारावे आणि घेतला असल्यास कर्ज फिटल्याचा दाखला पाहावा.

तिसरे कुलूप खात्याचे. अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचे आणि आयफोनमध्ये अॅपलचे खाते असते. जुन्या मालकाने ते स्वतः काढले नाही तर फोन पुसून कोरा केल्यावरही तो त्याचाच पासवर्ड मागतो. तेव्हा आपल्या देखत त्याला खाते काढावयास लावावे, फोन रीसेट करावा आणि पुन्हा सुरू होऊन मुख्य पडदा येईपर्यंत जागचे हलू नये. तरुण मुलांना स्वस्त आयफोनची भारी ओढ असते. त्यांना हे मुद्दाम सांगावे. खात्याचे कुलूप न निघालेला आयफोन म्हणजे निव्वळ काचेचा तुकडा होय.

फोन कसा?

फोन दिवसाउजेडी पाहावा. अंधाऱ्या गाळ्यात किंवा चालत्या लोकलमध्ये नव्हे. आपले सिम आणि आपला चार्जर सोबत न्यावा आणि निदान अर्धा तास काढावा.

प्रथम बॅटरी. मोबाईलची लिथियम बॅटरी वापराने झिजतच जाते. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांत पाचशे पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी, असा अॅपलचाच हिशेब आहे. आयफोनमध्ये हा आकडा सेटिंग्जमध्येच दिसतो. इतर फोनवर दहा-पंधरा मिनिटे व्हिडिओ लावून ठेवावा. तेवढ्यात टक्के भराभर उतरले किंवा फोन एकदम बंद पडला तर बॅटरी थकली आहे. फोन टेबलावर पालथा-उताणा ठेवून पाहावा. तो डुगडुगत असेल किंवा मागचे झाकण उचलल्यासारखे दिसत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. असा फोन फुकट मिळाला तरी घरात आणू नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

मग पडदा. एखाद्या अॅपचे चिन्ह बोटाखाली धरून सगळ्या पडद्यावर फिरवावे. जेथे ते बोटातून सुटते तेथे टच मेलेला आहे. पांढरे चित्र उघडून डाग आणि पट्टे पाहावेत. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये *#०*# दाबले की तपासणीचा तक्ताच उघडतो.

आता आपले सिम घालून घरी फोन लावावा. आपला आवाज पलीकडे जातो का, त्यांचा स्वच्छ येतो का, कानाला लावताच पडदा काळा होतो का, हे पाहावे. दोन्ही सिमची जागा तपासावी. हे महत्त्वाचे, कारण २०१६ साली आलेले जिओ मुळातच फोरजीवर चालते. थ्रीजीच्या काळातला हँडसेट दिसायला कितीही चांगला असला तरी त्यात ते सिम चालणार नाही. सिमचा ट्रे बाहेर काढल्यावर आत बारीक पांढरी पट्टी दिसते काय, तेही पाहावे. ती लाल किंवा गुलाबी झाली असेल तर फोनमध्ये पाणी गेले होते असे समजावे. चार्जरची पिन घालून हलवून पाहावी. हलविताच चार्जिंग तुटत असेल तर ती दुरुस्ती आपल्याच गळ्यात येणार.

शेवटी वय. सेटिंग्जमध्ये ‘अबाऊट फोन’ या ठिकाणी अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीख मिळते. ती तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर कंपनीने त्या फोनकडे बहुधा पाठ फिरविली आहे. अशा फोनवर बँकेची अॅप्स एकेक करून चालेनाशी होतात आणि ज्यात आपले बँक खाते आहे तो फोन असुरक्षित राहतो. कॅमेरा चार पैसे कमी असला तरी चालेल, ही तारीख मात्र जवळची हवी.

केवढ्याला?

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, फोनला ६,००० रुपये सांगितले. बॅटरी बदलणे १,२००, चार्जर ५००, चार्जिंगची जागा दुरुस्त करणे ६००. बेरीज झाली ८,३००. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. दुरुस्तीचा खरा भाव दोन दुकानांत विचारून घ्यावा. जुन्या फोनची खरी किंमत विकणाऱ्याने सांगितलेली नव्हे, तर ही बेरीज होय. तिला आणखी किती वर्षे फोन चालेल त्या आकड्याने भागावे. ८,३०० चा फोन एकच वर्ष चालणार असेल आणि ११,००० चा नवा वॉरंटीसह तीन वर्षे, तर स्वस्त कोणता हे शाळकरी मूलही सांगेल.

व्यवहार ठरला की दुकानदाराकडून बिल घ्यावे. त्यावर आयएमईआय नंबर, तारीख, किंमत आणि शिक्का असावा. ‘सात दिवसांत बिघडल्यास बदलून देऊ’ असे तोंडी सांगितले असेल तर तेही लिहून घ्यावे. ओळखीच्या माणसाकडून घेत असाल तर साध्या कागदावर त्याचे नाव, पत्ता, फोनचा नंबर, रक्कम आणि सही घ्यावी, व मूळ बिलही मागून घ्यावे. ‘आपल्याच माणसाकडे काय लिहून मागायचे?’ असा संकोच करू नये. कागद दोघांचेही रक्षण करतो.

घरी आल्यावर एक काम लगेच करावे. आयएमईआय नंबर घरच्या वहीत लिहून ठेवावा. मे २०२३ पासून देशभर अशी व्यवस्था आहे की हरवलेल्या फोनची पोलिसांत तक्रार करून, त्या तक्रारीची प्रत जोडून संचार साथीवर तो फोन बंद पाडता येतो. त्यासाठी हाच नंबर लागतो, आणि तो फोनमध्येच साठवून ठेवलेला असेल तर फोनबरोबर तोही जातो.

घाई विकणाऱ्याला असते, आपल्याला नसावी. ‘आत्ता घ्या, संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्या गिऱ्हाईकाला खुशाल घेऊ द्यावे.