उलथणं: एक दुर्लक्षित यंत्र

मित्रहो, शीर्षक वाचून पान उलटायला निघाला असाल तर जरा थांबा. उलटणं हाच आजचा विषय आहे. आपल्या अंकाच्या मराठी विभागात दरवर्षी पाऊस येतो, आई येते, पहिलं प्रेम येतं आणि एखादा चंद्रावरच्या यानाचा लेख येतो. उलथण्यावर कुणी लिहीत नाही. खरं तर स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स, मटेरिअल सायन्स आणि मशीन डिझाइनचे पेपर ज्यांनी (कुणी पहिल्या फटक्यात, कुणी तिसऱ्या) काढले, त्यांच्याइतका या विषयावर बोलायचा हक्क दुसऱ्या कुणाला आहे?

आमच्या मजल्यावर तर या वस्तूच्या नावापासूनच भांडण आहे. मी उलथणं म्हणतो, कोकणातला पार्टनर कालथा म्हणतो, समोरच्या रूममधला विदर्भवाला सराट्यावर ठाम आहे आणि एक जण उचटणं म्हणतो. नाव कुठलंही घ्या, काम एकच. तव्याला धरून बसलेला पदार्थ न मोडता सोडवायचा आणि उलटा करायचा. जमलं तर थालीपीठ, नाही जमलं तर भाजणीचा उपमा.

तर माझं म्हणणं असं की आपण उलथणं भलत्याच गोष्टींवरून निवडतो. हातात घेऊन वजन बघतो, चकाकी बघतो, आणि सेटमध्ये किती नग आहेत ते मोजतो. बघायला पाहिजे ती त्याची कड आणि मान.

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे फायनल इयरची मंडळी. जून-जुलैत हे लोक पुणे, ऐरोली, बंगळुरू असे पांगतील. तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेतील आणि रोज बाहेरचं खाऊन पोट आणि पाकीट दोन्ही बिघडलं की एक दिवस गॅस आणतील. पहिल्या आठवड्यात दोन धिरडी फाटली, भुर्जी तळाला जळली की ‘आपल्याला नाही बुवा जमत’ म्हणून पुन्हा पार्सल. माझं ठाम मत आहे की यातल्या अनेकांचा हात वाईट नसतो, हत्यार वाईट असतं. आणि जे आपल्याला दोन आठवड्यांत नकोसं होतं, तसलंच हत्यार घरी कुणीतरी वीस-वीस वर्षं निमूटपणे वापरत असतं. तिला कुणी विचारलेलंही नसतं, की बाई, हे बरं आहे का?

इंटर्नशिपच्या सहा महिन्यांत आम्ही चौघं एका फ्लॅटवर होतो. एका रूममेटच्या मामांनी गृहप्रवेशाची भेट म्हणून सात नगांचा सेट दिला होता. आरशासारखा चकचकीत, अडकवायला स्टँड वगैरे. त्यातल्या उलथण्याची पुढची कड मी व्हर्नियरनं मोजली (सवय, दुसरं काय). जवळजवळ दीड मिलिमीटर, आणि वरून गोल करून पॉलिश केलेली. आता अशी कड थालीपिठाखाली जाणार कशी? ती खाली शिरत नाही, थालीपिठाला पुढे ढकलते. चिकटलेला भाग तव्यावर राहतो आणि बाकीचं अंगावर दुमडतं. जमिनीत फावडं शिरतं ते त्याची कड पातळ असते म्हणून, जोर लावल्यामुळे नव्हे. इथेही तेच तत्त्व.

मग नुसतं पातळ पत्र्याचं घ्यावं का? तर तेही नाही. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो, हे आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. १.२ मिमीच्या जागी ०.८ मिमी पत्रा घेतला तर ताठपणा तीस टक्क्यांच्याही खाली येतो. असं उलथणं भरल्या वांग्याखाली घातलं की मान टाकतं. म्हणजे कड पातळ हवी आणि अंग ताठ हवं. एकाच जाडीच्या सपाट पत्र्यातून या दोन गोष्टी मिळत नाहीत. भांडं विकणारा ‘आमचं स्टील मजबूत आहे’ म्हणाला तरी फरक पडत नाही, कारण यंग्ज मॉड्युलस जवळपास सगळ्याच पोलादांचा २०० गिगापास्कलच्या आसपास असतो. चांगलं पोलाद वाकल्यावर परत सरळ होईल, वाईट तसंच वाकडं राहील, एवढाच फरक. ताठपणा येतो तो आकारातून.

हा प्रश्न घिसाड्यांनी आपल्या आधी कधीच सोडवलेला आहे. आठवडे बाजारात किंवा रस्त्याकडेला पाल ठोकून, भाता लावून बसलेली ही मंडळी विळे-खुरप्यांबरोबर उलथणीही घडवतात. लोखंड तापवून ठोकत ठोकत पुढे न्यायचं, त्यामुळे दांड्याशी जाड असलेला तुकडा कडेपर्यंत आपोआप निमुळता होत जातो. आपल्या भाषेत टेपर्ड सेक्शन. कारखान्यात पत्रा कापून दाबलेल्या उलथण्याला हा उतार मिळत नाही. म्हणून चांगला कारखानदार दोन गोष्टी करतो. दांड्याच्या मधोमध दाबून एक पन्हळ काढतो आणि ती मानेवरून पात्यात थोडी उतरवतो, म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया वाढतो. आणि पुढची कड घासून पातळ करतो. पहिली गोष्ट बहुतेक जण करतात. दुसरीला मजुरी लागते, म्हणून तिथे हात आखडतो.

आता मान. उलथणं म्हणजे कॅन्टिलिव्हर बीम, हात हा आधार आणि टोकाला लोड. सगळ्यात जास्त बेंडिंग मोमेंट हाताजवळ असतो, हे खरं. पण तुटतं ते मानेशी, कारण तिथे आकार बदलतो, वाक असतो आणि बहुतेक वेळा जोडही तिथेच असतो. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनचं यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकात नाही. त्यात रोज शंभर वेळा खालीवर, म्हणजे फटीग. पातं आणि दांडा दोन टिकल्यांच्या स्पॉट वेल्डिंगवर चिकटवलेला असेल तर ते उलथणं एक दिवस पात्यासकट पिठल्यात बसणार. त्यातल्या त्यात अख्ख्या एकाच तुकड्याचं घ्या. जोड असेलच तर किमान दोन रिव्हेट बघा, कारण एकाच रिव्हेटवर पातं पंख्यासारखं फिरायला लागतं. पोकळ नळीचा दांडा दिसायला रुबाबदार, पण जोडातून पाणी आत जातं आणि बाहेर येताना वास घेऊन येतं.

चुंबकाची भानगड वेगळीच. ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे अस्सल स्टील’ हे आपल्याकडे शपथेवर सांगतात. ३०४ ग्रेड, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, याला चुंबक चिकटत नाही हे बरोबर. पण निकेल कमी करून मँगॅनीज वाढवलेलं स्वस्तातलं २०० मालिकेचं स्टील, त्यालाही चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ वाकवलं-ठोकलं की त्या वाकाशी थोडं चुंबकत्व येतं. म्हणजे खरं नापास आणि स्वस्तातलं पास! ४३० ग्रेडला चुंबक सरळ चिकटतो, पण उलथण्यासाठी तेही काही वाईट नाही. तेव्हा चुंबक फ्रिजवरच राहू द्या.

स्टेनलेसच्या बाजूनं एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असते, १५-१६ विरुद्ध ५० वॅट प्रति मीटर-केल्विन. म्हणून अख्खं लोखंडी उलथणं कढईत राहिलं की दांडा हाताला चटका देतो, स्टेनलेसचा बराच वेळ निभावून जातो. ॲल्युमिनियम या बाबतीत सगळ्यात वाईट, शिवाय मऊ. लोखंडी तव्यावर घासून तेच झिजतं. प्लॅस्टिकच्या मुठीबद्दल काय बोलावं? कढईच्या काठाला टेकवून फोन घ्यायला गेलात की परत आल्यावर वेगळाच आकार दिसतो.

लोखंडाचं उलथणं पावसाळ्यात गंजतं ही तक्रार खरी आहे. धुऊन सिंकमध्ये टाकायचं नाही, लगेच पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. चार मुलांच्या फ्लॅटमध्ये हे कितपत होईल याबद्दल मला शंका आहे, त्यामुळे अशांनी सरळ स्टेनलेस घ्यावं. ‘लोखंडी उलथण्यानं रक्त वाढतं’ असं सांगणारेही भेटतात. लोखंडी कढईत शिजवलेल्या, विशेषतः आंबट पदार्थात लोह उतरतं, हे खरं. पण उलथण्याचा पदार्थाला स्पर्श होतो किती वेळ? त्यासाठी कढई लोखंडी घ्या.

आणि तवा कुठला आहे हे न बघता उलथणं घेऊच नका. नॉनस्टिकवर धातूचं उलथणं म्हणजे गुन्हा. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना डू पॉन्टच्या प्रयोगशाळेत जो पदार्थ योगायोगानं सापडला, त्याचा तव्यावरचा थर जेमतेम काही दहा मायक्रॉनचा असतो. पोलादाच्या कडेपुढे तो काय टिकणार? तिथे लाकडी. बिडाच्या तव्याला धातूचं चालतं, नव्हे, तेच हवं. पण पात्याचे पुढचे कोपरे किंचित गोल असावेत, नाहीतर तेल मुरून बसलेल्या काळ्या थरावर चरे पडतात. मोठ्या भोकांच्या उलथण्यांचं कौतुक मला कधी कळलं नाही. तेल निथळायला झारा आहे. घावनाचं ओलं पीठ त्या भोकांत जाऊन बसतं आणि घासणाऱ्याचे हाल होतात.

दांडा लांब असला म्हणजे ऐटदार, असंही काही जणांना वाटतं. दोन माणसांच्या छोट्या कढईत फूटभराहून मोठं, जड मुठीचं उलथणं ठेवून बघा. कढई दांड्याच्या बाजूला कलंडते. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी तळाच्या बाहेर गेल्यावर दुसरं काय होणार? गरम तेलासकट हा प्रयोग करू नये.

दुकानात परीक्षा घ्यायची असेल तर ती सोपी आहे. उलथणं काउंटरच्या काचेवर, वापरताना धरतो तसं तिरकं टेकवा आणि खालून उजेड दिसतो का बघा. कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेकली पाहिजे. मग काचेवर एक व्हिजिटिंग कार्ड ठेवून त्याखाली सरकवा. चांगलं उलथणं कार्ड उचलतं, वाईट उलथणं कार्डाला काउंटरभर फिरवतं. दांड्याच्या कडेवरून बोट जपून फिरवा, पत्रा कापल्याचा बर राहिला असेल तर कळेल. तुळशीबागेत किंवा नाशिकच्या भांडी बाजारात हा प्रकार केलात तर दुकानदार आधी हसेल आणि मग आतलं दुसरं काढून दाखवेल. शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. सात नगांच्या सेटची गरज नाही. त्यातले पाच नग वर्षभर नुसते लटकत असतात.

ज्यांच्याकडे जाड कडेचं आधीच आहे त्यांनी टाकून देऊ नये. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये कानस घासून घासून तळहाताला फोड आणले ना? तीच विद्या इथे वापरायची. खालची बाजू सपाटच ठेवायची आणि उतार फक्त वरच्या बाजूनं द्यायचा, पटाशीसारखा, म्हणजे कड तव्याला लागून चालते. शेवटी पॉलिश पेपर मारायचा. स्टेनलेस कानशीला दमवतं, पण एका रविवारचं काम आहे. आम्ही मामांच्या उलथण्यावर हेच केलं आणि थालीपीठ अख्खं निघायला लागलं. मामांचा मानही राहिला.

घरचं जुनं उलथणं नीट पाहिलंत तर त्याचा एकच कोपरा झिजलेला दिसेल. वर्षानुवर्षं त्याच हातानं, त्याच कढईच्या गोलाईवर खरवड काढून तो कोपरा त्या कढईच्या मापाचा झालेला असतो. आईला ‘हे भंगार कशाला, नवीन आणतो’ म्हणण्याआधी हे बघा. आणायचंच असेल तर तिला दुकानात घेऊन जा. भेट म्हणून गुंडाळून आणू नका.

हाच न्याय आपल्या मेसला लावायला हवा. या वर्षी मेससाठी जी नवी उलथणी आली ती वजनदार, जाड आणि महाग आहेत. निवडली मेस कमिटीनं, म्हणजे तुम्ही-आम्ही. दोन वेळच्या पोळ्या मात्र मावशी उलटतात. मी त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे बाळा, एवढं जड घेऊन मला काय भिंत पाडायची आहे? संध्याकाळी मनगट धरतं.” त्या हल्ली घरून आणलेलं स्वतःचं उलथणं वापरतात आणि रोज पिशवीतून परत नेतात.

पुढच्या खरेदीच्या वेळी कमिटीनं मावशींना सोबत न्यावं असं मी लेखी दिलेलं आहे. रेक्टर सरांनी अर्ज ठेवून घेतला आहे. मावशींची मागणी दोन नगांची आहे. एक पोळीच्या तव्याला, रुंद पात्याचं आणि हलकं. दुसरं पोह्यांच्या मोठ्या कढईला, लांब दांड्याचं, मुठीला लाकूड आणि टोकाला अडकवायला आकडा.