संख्येची योग्यता कशात?

देवळालीच्या शाळेत आयुष्यभर अध्यापन करून संख्यांच्या नादात रमलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ ह्या संख्येचा जो गुण १९४९ साली शोधून काढला, तो ज्याने स्वतः कागदावर पडताळून पाहिला असेल त्याला त्यातला आनंद निराळा सांगावयास नको. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, उदाहरणार्थ ३५२४. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, म्हणजे ५४३२ उणे २३४५ बरोबर ३०८७. पुन्हा तोच विधी केला की ८३५२, आणि तिसऱ्या खेपेस ६१७४, जी पुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी जागची हलत नाही. फार तर सात पायऱ्यांत हा मुक्काम येतोच.

तथापि एखादी संख्या विलक्षण असणे आणि ती गणितशास्त्रात महत्त्वाची असणे, ह्या दोन गोष्टींची आपल्याकडे फार गल्लत होते, आणि ती दूर व्हावी असे मला कळकळीने वाटते. ६१७४ चा गुण हा दहाच्या पायावर उभारलेल्या लेखनपद्धतीचा गुण आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेच्या मोठमोठ्या संख्या कोरलेल्या आहेत. तेथे दहा, शंभर, हजार यांस निरनिराळी चिन्हे असून शून्याचे चिन्ह नाही. त्या दरबारच्या हिशेबनिसाला कापरेकरांची किमया सापडणे शक्यच नव्हते, कारण अंकांची अशी उलटापालट करण्याची सोय त्याच्या लेखनात नव्हती; परंतु त्याच्या काळच्या रथचक्राचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर आजच्या आगगाडीच्या चाकाहून तसूभरही निराळे नव्हते. लेखनपद्धती बदलली तरी जिचा अधिकार अबाधित राहतो, आणि आपला मूळ मुलूख सोडून, जेथे तिचे काही काम असेल अशी शंकाही येऊ नये तेथे जी हजर असते, ती संख्या माझ्या मते थोर.

पायचेच पाहा. एक, एकचतुर्थांश, एकनवमांश, एकषोडशांश, अशा वर्गांच्या व्यस्तांची अनंत बेरीज किती, ह्या युरोपातील गणितज्ञांना दीर्घकाळ सतावणाऱ्या प्रश्नाचे उत्तर ऑयलरने १७३० नंतरच्या दशकात काढले, तेव्हा ते पायच्या वर्गाचा सहावा भाग असे निघाले. वर्तुळाचा येथे मागमूसही नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये २०,००० व्यासास ६२,८३२ परीघ सांगताना हे मान केवळ जवळचे आहे, हे नमूद करण्याची दक्षता घेतली होती. आपण मात्र मुलांना बावीस सप्तमांश असे पढवतो की तेच पाय होय अशी त्यांची कायमची समजूत होते, आणि पायचे शेकडो दशांश मुखोद्गत म्हणणाऱ्या मुलाचा सत्कार करतो. त्या मुलाची स्मरणशक्ती खरोखरच वाखाणण्याजोगी. पण ते दशांशही पुन्हा लेखनपद्धतीचीच देणगी, पायचे मर्म त्यांत नाही.

शून्याविषयीचा आपला अभिमानही मला ह्याच कारणाने थोडा अस्थानी वाटतो. रिकाम्या स्थानाची खूण बाबिलोनच्या लेखकांनाही ठाऊक होती. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण यांच्या जोडीला शून्यास बसवून त्याच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम घालून दिले, म्हणजे खुणेला संख्येची सनद दिली, हे त्याहून कितीतरी मोठे कर्तृत्व होय. शून्यास शून्याने भागल्यास शून्य, हा त्याचा नियम पुढे टिकला नाही. पण असा प्रश्न विचारता येतो हे त्याने दाखविले, आणि भास्कराचार्यांचा खहराचा, म्हणजे शून्याने भागलेल्या राशीचा, विचार त्याच वाटेने आला.

आता जिचे नावही आपल्या सुशिक्षितांना सहसा ठाऊक नसते, अशी एक संख्या. सावकाराने एक रुपया मुद्दल दरसाल शेकडा शंभर व्याजाने दिले, तर वर्षाअखेर दोन रुपये येणे होतात. व्याजाची आकारणी सहामाही केली तर सव्वादोन. दरमहा केली तर २.६१, रोजच्या रोज केली तर २.७१, आणि क्षणोक्षणी केली तरी सावकाराच्या लोभाला २.७१८२८… येथे बांध पडतो, पुरते पावणेतीन रुपये काही होत नाहीत. याकोब बर्नुलीने १६८३ मध्ये हा प्रश्न घेतला. पुढे ई ह्या अक्षराने ओळखली जाऊ लागलेली ही संख्या रेडियमच्या ऱ्हासात आहे, आणि मूळ संख्यांच्या वाटणीतही आहे: तिच्या पायावर दहा लाखांचा लॉगरिथम सुमारे १३.८ येतो, आणि त्या परिसरात सरासरी चौदा संख्यांमागे एक मूळ संख्या आढळते. आदामार आणि द ला व्हाले पूसँ यांनी १८९६ मध्ये ह्या नियमाची सिद्धता स्वतंत्रपणे दिली. सावकाराच्या खतावणीचा आणि मूळ संख्यांचा संबंध तो काय!

चक्रवाढ व्याजाचा धडा आपल्या शाळांत शिकविलाच जातो. मुदत वर्षाची, सहामाहीची, महिन्याची, दिवसाची करीत मुलांनी तो रुपया स्वतः वाढवून पाहावा, आणि तो कोठे अडतो ते वहीत लिहावे, एवढी भर त्या धड्यात घालावयास एका तासाहून अधिक वेळ लागणार नाही, आणि पाठ्यपुस्तक मंडळाने ती आता घालावी.