ई-मेलचा मायना वाचायला शिका



बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही काय पाहता? पिशवीवरचे टपोऱ्या कणसाचे चित्र कुणालाही छापता येते. जाणता शेतकरी पिशवीला लावलेली चिठ्ठी वाचतो. जात कोणती, लॉट नंबर काय, उगवणशक्ती किती, तपासणी कधीची, हे सारे तिच्यावर असते. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी, हेही तुम्हाला ठाऊक आहे. ई-मेललाही अशीच चिठ्ठी असते, पण ती वाचायची सवय आपल्याला नाही.

हल्ली शेतकरी उत्पादक कंपन्यांचा आणि बागायतदारांचा पुष्कळसा व्यवहार ई-मेलवर चालतो. अशात एके दिवशी पत्र येते, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, औषधांचे पैसे नव्या खात्यावर भरावेत.’ वर नाव ओळखीचेच असते. पैसे भरले आणि मागाहून कळले की पत्र भलत्याचेच होते, तर हंगामाची कमाई पाण्यात जाते. म्हणून आज या चिठ्ठीची ओळख करून घेऊ.

पत्राची रचना

दोन संगणकांमधले पहिले ई-मेल १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी पाठवले. पत्र कसे लिहावे याचा जो नियम १९८२ साली ठरला, त्याचा सांगाडा आजही तोच आहे. वरती मायना, मग एक कोरी ओळ, आणि खाली मजकूर. मायन्याला संगणकवाले हेडर म्हणतात. त्यातल्या प्रत्येक ओळीत आधी नाव, मग अपूर्णविराम, मग माहिती असते. ‘फ्रॉम’ म्हणजे कोणाकडून, ‘टू’ म्हणजे कोणाला, ‘सब्जेक्ट’ म्हणजे विषय, ‘डेट’ म्हणजे तारीख. आपल्याकडून गेलेल्या पत्राच्या वेळेपुढे अधिक ०५३० असा आकडा दिसतो. जागतिक वेळेपेक्षा आपले घड्याळ साडेपाच तास पुढे, असा त्याचा अर्थ.

प्रोग्राम ते कसे वाचतो

तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी संगणक शिकत असेल, तर पुढचा भाग त्यांना वाचून दाखवा. आलेल्या मागण्या आपोआप वेगळ्या काढणारा प्रोग्राम ही मुले लिहितात. त्यात तीन ठिकाणी हमखास चूक होते.

१. लांब ओळ मोडून पुढच्या ओळीवर नेलेली असते. पुढची ओळ मोकळ्या जागेने सुरू झाली, तर ती नवी नोंद नव्हे, मागच्याच ओळीचे शेपूट समजावे. आधी शेपटे जोडावीत, मगच नोंदी वेगळ्या कराव्यात.

२. नाव आणि माहिती पहिल्या अपूर्णविरामाशी तोडावी. विषयातही अपूर्णविराम असू शकतो, तिथे तोडू नये. नोंदीचे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत असो वा लहान, एकच मानावे.

३. मायन्याचा मूळ नियम फक्त इंग्रजी अक्षरांचा होता. म्हणून मराठी विषय सहसा बेस६४ नावाच्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांत बांधून पाठवतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि ३ बाइटची ४ अक्षरे होतात. बांधलेला एक तुकडा ७५ अक्षरांहून मोठा चालत नाही. म्हणजे एका तुकड्यात आपली जेमतेम १५ चिन्हे मावतात, आणि ‘डाळिंबाची मागणी, ५ टन’ एवढ्या विषयाचेही दोन तुकडे पडतात. अशा दोन तुकड्यांमधली मोकळी जागा गाळायची असते. ती गाळली नाही तर शब्द मधेच फुटतो, प्रोग्रामला ‘मागणी’ हा शब्द सापडत नाही, आणि चांगले गिऱ्हाईक उत्तराची वाट पाहून दुसरीकडे जाते.

खरे-खोटे कसे ओळखावे

‘फ्रॉम’मध्ये दोन गोष्टी असतात, नाव आणि पत्ता. नाव म्हणजे पिशवीवरचे चित्र. ते पाठवणारा वाटेल ते लिहू शकतो. पत्ता अक्षर न् अक्षर पाहावा. एखादे अक्षर इकडचे तिकडे करून हुबेहूब दिसणारा पत्ता घेणारे ठग आहेत. ‘रिप्लाय-टू’ ही ओळही पाहावी. पत्र एका पत्त्याचे आणि उत्तर भलत्याच पत्त्यावर जाणार असेल, तर सावध व्हावे.

‘रिसीव्हड’ ही ओळ टपालाच्या शिक्क्यासारखी आहे. पत्र ज्या ज्या संगणकातून जाते, तो आपला शिक्का सर्वांत वर मारतो. म्हणून प्रवास खालून वर वाचावा. मात्र खालचे शिक्के ठगाला बनावट घालता येतात. आपल्या स्वतःच्या मेलसेवेने मारलेला वरचा शिक्का भरवशाचा.

याखेरीज एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्या असतात. जीमेल संगणकावर उघडून पत्राच्या बाजूच्या तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ निवडले, की त्यांचे निकाल दिसतात. ‘फेल’ दिसले तर त्या पत्रावर व्यवहार करू नये. ‘पास’ म्हणजे पत्र त्याच पत्त्याच्या घरून आले, एवढेच. घरमालक सज्जन आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय खऱ्या माणसाचे खातेच कुणी बळकावले असेल, तरीही ‘पास’च दिसेल.

एवढे कराच

खाते बदलल्याचे पत्र आले तर पैसे भरण्याआधी फोन करा. तोही पत्रातल्या नंबरावर नव्हे, तुमच्या वहीतल्या जुन्या नंबरावर. संशयित पत्र पुसून टाकू नका. नुसते पुढे पाठवले तर मूळ मायना त्यासोबत जात नाही, म्हणून मूळ पत्र जपून ठेवा. पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर कळवा आणि बँकेला सांगा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता अधिक.

घरात पैशांचा हिशेब जो कोणी ठेवतो, मग तो मुलगा असो वा सूनबाई, त्याला हा लेख आजच दाखवा. पिशवीची चिठ्ठी पेरणीआधी वाचायची असते.