एक संकुल, एक कार्ड

ज्या नोकरदाराला ‘वन पुणे कार्ड’ टेकवताच मेट्रोचे फाटक विनाविलंब वाट देते, त्याच नोकरदाराला पुढे येरवड्यातील एखाद्या कचेरी-संकुलात शिरताना मुख्य फाटकासाठी एक आणि आपल्या मजल्यासाठी दुसरे कार्ड गळ्यात वागवावे लागावे, ही व्यवस्था मला समर्थनीय वाटत नाही.

तिचे कारण यंत्राच्या दौर्बल्यात शोधणे व्यर्थ आहे. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आधुनिक कार्डांत अनेक दारांचे परवाने निरनिराळ्या गुप्त संकेतांनी बंद करून एकत्र ठेवता येतात, त्यामुळे जागामालकाला भाडेकरू कंपनीच्या दफ्तरात डोकावण्याचे प्रयोजन उरत नाही. (१२५ किलोहर्ट्झची जुनी कार्डे बहुधा नुसता क्रमांक सांगतात आणि त्यांची नक्कल सहज होते, ती मोडीतच काढावीत.) खरी अडचण मुखत्यारीची आहे: फाटक मालकाच्या अखत्यारीत, मजला कंपनीच्या. भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाच्या वेळी सामायिक कार्डाचे एक कलम घातल्यास ती दूर होण्यासारखी आहे.

परंतु सोयीचा विचार करताना आपली दृष्टी संगणक अभियंत्यापाशीच थांबते, हे मला अधिक बोचते. सफाई करणाऱ्या मावशींच्या कार्डाची मुदत ठेकेदाराच्या कराराशी बांधलेली असली, की ठेका बदलताच किंवा कागद वेळेवर पुढे न सरकल्यास, वर्षानुवर्षे त्याच इमारतीत राबलेल्या बाईला एका सकाळी फाटकाबाहेर ताटकळावे लागते, आणि तो वेळ तिच्या हजेरीतून वजा होण्याची धास्ती तिच्या मनात असते. मुदत संपण्यापूर्वी तिला मराठीत सूचना मिळावी, आणि नव्या कार्डाची तजवीज होईपर्यंत ओळख पटवून त्या दिवसापुरता परवाना देण्याचा अधिकार फाटकावरील दरवानाला असावा. एवढ्या तरतुदीने सुरक्षिततेला कोणतीही बाधा येणार नाही. सोयीच्या या विचारात दिव्यांगही यायला हवेत: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यतेचे दायित्व खासगी आस्थापनांवरही टाकले आहे. म्हणून चाकाच्या खुर्चीवरून हात पोहोचेल अशा उंचीवर कार्ड वाचणारे यंत्र बसवणे हा उपकार नव्हे.

आणि आगीचा इशारा होताच बाहेर नेणारी सर्व दारे कार्डावाचून उघडली पाहिजेत. ती तशी उघडतात की नाही, याची कवायत केवळ दुपारी, साहेबलोक हजर असताना न घेता, पहाटे सफाईची पाळी चालू असतानाही घेतली जावी.

— नगरवासी