रेघ उमटली, पण कोणाची?

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट जोडून त्याला कामाला जुंपणारे पहिले विकर म्हणजे हेक्झोकायनेज. माणसात त्याची चार मुख्य रूपे आहेत. मेंदूत पहिल्याचा जोर, स्नायूंत दुसऱ्याचा. यकृत आणि स्वादुपिंडात चौथे, म्हणजे ग्लुकोकायनेज. अनेक कर्करोगांत दुसरे रूप वाढलेले आढळते, म्हणून ते मोजायला प्रयोगशाळा प्रतिपिंडाची कुपी मागवतात. वेस्टर्न ब्लॉट या पद्धतीत पेशीतली प्रथिने वजनानुसार वेगळी करून पातळ पडद्यावर उतरवतात आणि त्यावर प्रतिपिंड सोडतात. ते जिथे चिकटेल तिथे रेघ उमटते. अपेक्षित वजनावर रेघ आली की प्रतिपिंड खरे, असे सर्रास धरले जाते. हेक्झोकायनेजच्या बाबतीत हे धरणे साफ चूक आहे. पहिले आणि दुसरे रूप दोन्ही सुमारे 102 किलोडाल्टन वजनाची, आणि त्यांची अमिनो आम्लांची साखळीही बरीचशी सारखी. दुसऱ्यासाठी घेतलेले प्रतिपिंड पहिल्यालाही चिकटत असेल, तरी रेघ अगदी योग्य जागीच दिसणार. मग वाढले ते नेमके कोणते रूप, हे त्या चित्रावरून कुणी सांगावे?

म्हणून ज्या पेशीतून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले आहे, तिच्यावर प्रतिपिंड तपासल्याशिवाय त्याचा निष्कर्ष छापू नये, असे माझे मत आहे. जनुक नाही, तर रेघही दिसता कामा नये. मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने 65 प्रथिनांसाठी विकली जाणारी 614 प्रतिपिंडे याच कसोटीवर घासली गेली. निष्कर्ष 2023 मध्ये ‘ईलाइफ’ नियतकालिकात आले. आपले प्रथिन न ओळखणाऱ्या प्रतिपिंडांची माहिती वापरणारे शोधनिबंध दर प्रथिनामागे सरासरी 12 निघाले. उत्पादक कंपन्या या तपासणीत सहभागी होत्या आणि कसोटीवर न उतरलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के प्रतिपिंडे त्यांनी बाजारातून काढून घेतली. विक्रेत्यानेच माल मागे घेतल्यावर ‘कंपनीने तपासलेले असतेच’ या युक्तिवादात फारसा दम उरत नाही.

‘हेच प्रतिपिंड शेकडो निबंधांत वापरले आहे’ हा बचाव तर त्याहून लंगडा. निबंध वाढले म्हणून पुरावा वाढत नाही; एकाने न तपासता वापरले आणि बाकीच्यांनी त्याचाच हवाला दिला, असेही होते. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने क्रिस्पर हे जनुक कापण्याचे तंत्र वापरून स्वतःच्या पेशी घडवाव्यात, ही अपेक्षा अवाजवी आहे. काही जनुके काढली की पेशीच मरते, हाही अडथळा आहे; तिथे जनुकाचा आवाज काही काळ दाबून रेघ फिकी पडते का, एवढे तरी पाहता येते. हेक्झोकायनेजच्या दुसऱ्या रूपाला ही सबब सहसा लागू पडत नाही, कारण पहिले रूप असले की बहुतेक पेशी तग धरतात. शिवाय ब्लॉटवर उत्तीर्ण झालेले प्रतिपिंड फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीवर चालेलच असे नाही, म्हणून तिथली परीक्षा वेगळी घ्यावी लागेल.

पण एकट्याला न झेपणारे काम सामाईक होऊ शकते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे भांडार देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतेच. जास्त मागणी असलेल्या प्रथिनांसाठी जनुक काढलेल्या पेशींची सोयही तिथे करावी. आणि अनुदान देणाऱ्यांनी अशी तपासणी प्रस्तावातच मागावी, तिचा खर्च मंजूर रकमेत धरून.